रेडिएटरचे झाकण : जास्त पौंड, जास्त नुकसान

भिवंडीहून कापड भरून नाशिकला येताना कसारा घाटाच्या चढणीला माझी जुनी गाडी उकळली. दुकानदाराने ७ पौंडांऐवजी १३ पौंडांचे झाकण दिले. एक पौंड दाब वाढला की पाणी सुमारे दीड अंश सेल्सिअस उशिरा उकळते, हे खरे. पण पितळी रेडिएटरचे डाख दिलेले सांधे तो दाब सोसत नाहीत. माझा रेडिएटर फुटला. झाकण स्वस्त, दुरुस्ती महाग पडली.

कंपनीच्या पुस्तकातला आकडाच घ्या. तरीही गाडी तापली, तर रेडिएटर साफ करा, पंख्याचा पट्टा तपासा. स्पेअरवाल्या भावांनी गाडी विचारूनच झाकण विकावे. गिऱ्हाइकाचा भरवसा हीच खरी कमाई.