आठ दिवसांत इटली-ग्रीस? देश दोन, तर मुक्कामही दोनच ठेवा

आजी-आजोबा आणि मुलांसह इटली-ग्रीसला जायचं ठरलं की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, अथेन्स, सँटोरिनी अशी यादी तयार होते. आठ दिवसांत पाच मुक्काम म्हणजे निम्मी सुट्टी बॅगा भरण्यात. त्यापेक्षा रोमला चार आणि अथेन्सला तीन रात्री राहणं शहाणपणाचं.

व्हिसा कोणाकडे मागायचा?
दोन्ही देशांसाठी एकच शेंजेन व्हिसा चालतो. जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करावा. दिवस सारखे असतील तर आधी जिथे उतरणार, तिथे. शुल्क प्रौढांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 युरो. सहा वर्षांखालील मुलांना माफ. सेवाशुल्क वेगळं. किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नका.

तिकीट कसं काढायचं?
जाताना मुंबई-रोम, येताना अथेन्स-मुंबई. परतीसाठी पुन्हा रोम गाठावं लागत नाही. मधला विमानप्रवास सुमारे दोन तासांचा. बारी-पात्रास बोटीत अख्खी रात्र जाते, दोन्हीकडचा रस्ता वेगळाच.

कधी जायचं?
2023 आणि 2024 च्या उन्हाळ्यात अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस उष्णतेमुळे काही दिवस दुपारी बंद ठेवावं लागलं. ज्येष्ठ सोबत असतील तर जून-जुलैपेक्षा मेची सुरुवात किंवा दिवाळीची सुट्टी बरी.

सँटोरिनी राहिलं तर राहू द्या. घरातल्या सगळ्यांना झेपेल, तीच खरी सहल.