घंगाळातले मीठ

राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट हिंगोलीत असल्यामुळे म्हणा, किंवा कोरडवाहू शेतीच्या भरवशावर संसार रेटवत नाही या पिढीजात अनुभवामुळे म्हणा, भल्या पहाटे आमच्या गावच्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांची जी दौड सुरू होते, तिच्या शेपटाला वर्दीची यत्किंचितही आशा नसलेला माझ्यासारखा पन्नाशी उलटलेला गृहस्थही हल्ली दिसू लागला आहे. या मुलांच्या मोबाइलवर व्यायामशास्त्राची जी फर्माने रोज उतरतात, त्यांपैकी एक असे की, मेहनतीनंतर एप्सम मीठ विरघळवलेल्या ऊन पाण्यात वीस मिनिटे बसावे, म्हणजे त्यातले मॅग्नेशियम त्वचेवाटे स्नायूंत उतरून दुसऱ्या दिवशीचा ठणका नाहीसा होतो.

इंग्लंडातील एप्सम गावच्या कडवट झऱ्यामुळे सतराव्या शतकात नावारूपास आलेल्या आणि नेहेमाया ग्रू या वैद्याने १६९५ साली ज्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला त्या या क्षाराची कीर्ती तेव्हा मुख्यतः रेचक म्हणून होती. आमच्या जिल्ह्यात मात्र त्याची ओळख कृषी सेवा केंद्रातल्या पोत्यामुळे आहे, कारण कपाशीवर लाल्या येऊन पाने ताम्रवर्ण झाली की शेतकरी जे मॅग्नेशियम सल्फेट फवारतो, ते रसायनदृष्ट्या हेच. (खताचे पोते स्नानाला वापरू नये, हे सांगायला नको.) पान जे शोषते ते कातडीही शोषील, हा हिशेब वरवर बिनतोड दिसतो; परंतु मनुष्याच्या त्वचेचा बाह्य थर मृत पेशींचा व स्निग्ध द्रव्यांचा असून बाहेरचे बाहेर ठेवणे हेच त्याचे नेमून दिलेले काम आहे, आणि त्या पहाऱ्यातून स्नायूंच्या उपयोगी पडेल इतके मॅग्नेशियम आत जाते, याचा खातरजमा करून घेण्याजोगा पुरावा अद्याप पुढे आलेला नाही.

टबात बसायचे तर शे-दीडशे लिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात तशी चैन करणे मला अप्रशस्त वाटले. म्हणून माळ्यावरचे पितळी घंगाळ खाली काढून, बंबातले पाणी त्यात सोसवेल इतके निववून, मी फक्त पोटऱ्या बुडवून बसू लागलो. मीठ कधी घालावे, कधी घालू नये आणि मला त्याचा सुगावा लागू देऊ नये, अशी विनंती मी पत्नीला केली, आणि तिने ती इतक्या कसोशीने पाळली की, ज्या संध्याकाळी पाय पिसासारखे हलके झाले ती नेमकी बिनमिठाची निघावी, असेही घडले. पैनगंगेच्या खालच्या अंगाला, किनवट तालुक्यातील उनकेश्वरच्या गरम कुंडांत पिढ्यान्‌पिढ्या स्नान करत आलेल्या यात्रेकरूंना यात नवल वाटणार नाही. एक सूचना मात्र आवश्यक आहे: मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी पाण्याची उष्णता पायाने अजमावू नये, आणि मुरगळून नुकत्याच सुजलेल्या घोट्याला कोणीच ऊन पाणी लावू नये.

आता ठणक्याचे मूळ. अंग आंबते ते स्नायूंत साचलेल्या आम्लामुळे, हा समज शिकल्यासवरल्यांतही रुजलेला आहे. वास्तविक ते आम्ल मेहनत थांबल्यावर तास-दीड तासात निवळते, आणि ठणक्याला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भर चढतो. स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होत असावी, असा तर्क थिओडोर हफ या संशोधकाने १९०२ सालीच मांडला होता. बैठक मारताना उठणे कष्टाचे वाटते खरे, परंतु मांड्या भरून येतात त्या मुख्यतः खाली बसताना, कारण भार पेलत असतानाच स्नायूला लांबावे लागते. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, ताठरपणा सैल पडतो, झोप गाढ लागते. तंतूंची डागडुजी मात्र आपल्या शिरस्त्यानेच चालते, आणि एकदा ती पुरी झाली की तेवढ्याच मेहनतीने पुन्हा तितके दुखत नाही.

तालमीत हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, तरी नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारू देणारा वस्ताद विरळा. तेल, ताक आणि हळद घालून मऊ केलेल्या हौदातल्या मातीचे गुणगान पुष्कळ झाले आहे, आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आमच्या जिल्ह्यात त्याला अधिकच जोर चढला आहे. माझ्या मते मातीपेक्षा वस्तादाच्या मोजून मापून मेहनत वाढवण्याला अधिक मान मिळायला हवा होता. भरतीच्या मुलांपाशी नेमका तोच अवकाश नसतो, कारण जाहिरात निघाल्यावर वर्षाची मेहनत महिन्यात उरकायची असते, आणि अशा घाईच्या माणसाला मिठाची पुडी विकणे फारसे अवघड नाही.

माझी उरलेली पुडी मी मेहुण्याला कपाशीसाठी देऊ केली, तेव्हा तिच्यावरची किंमत वाचून तो म्हणाला, “दाजी, एवढ्या पैशात तर आमच्याकडं अर्धं पोतं येतंय.”