धाक देवाचा की सावड तुटण्याचा?

गावात एखादे घर वाळीत टाकले, की पुढे काय होते हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. कोणी काठी उगारत नाही, कोणी शिवीही देत नाही. फक्त खळ्यावर माणूस येत नाही, लग्नाचे आवतण येत नाही, मयताला खांदा द्यायला चार जण जमत नाहीत. दोन-तीन महिन्यांत घरधनी आपण होऊन पंचांपुढे उभा राहतो. आपल्या राज्यात ३ जुलै २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा लागू आहे. तरी वाळीत टाकल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतातच. मग कायदा पाठीशी असताना माणूस भितो कशाला?

आपल्याच गावाचे उदाहरण घेतले, की लगेच भावकी, पार्टी आणि निवडणूक मध्ये येते, अन् मूळ प्रश्न बाजूला राहतो. म्हणून जरा लांबचे, पण शेतकऱ्यांचेच उदाहरण पाहू.

घोड्यावरची शेती करणारा पंथ

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या राज्यांत आमिश नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. आज त्यांची संख्या सुमारे ४ लाख आहे. हे लोक मोटार बाळगत नाहीत, घरात सरकारी तारेची वीज घेत नाहीत. शेतात ट्रॅक्टर न घालता घोडे आणि खेचरे जुंपतात. मका, चारा आणि दुभती जनावरे सांभाळून त्यांच्यातले कित्येक जण उत्तम शेती करतात. कोणाचा गोठा जळाला तर सारी वस्ती गोळा होऊन एक-दोन दिवसांत नवा उभा करून देते. दवाखान्याचे मोठे बिल आले तर पंथाचे लोक वर्गणी काढून भरतात. आपल्या इर्जिकीची आणि सावडीची आठवण यावी असा हा कारभार. या चांगल्या बाजूला कमी लेखून चालणार नाही, कारण धाकाचे मूळही तिथेच आहे.

हा पंथ वेगळा झाला तोच मुळी वाळीत टाकण्याच्या प्रश्नावरून. १६९३ साली स्वित्झर्लंड आणि आल्सास भागात याकोब आमान नावाच्या धर्मगुरूने आग्रह धरला, की मंडळीतून काढलेल्या माणसाशी जेवणखाण, व्यवहार सगळेच तोडले पाहिजे. बाकीचे म्हणाले, त्याला प्रार्थनेच्या पंक्तीतून दूर ठेवा, तेवढे पुरे. यावरून फूट पडली आणि आमानच्या मागे गेले ते आमिश झाले.

नियम कसा चालतो पहा. मुलगा किंवा मुलगी वयात आली, की सर्वांसमोर बाप्तिस्मा घेऊन पंथाचे नियम आयुष्यभर पाळण्याची शपथ घेते. शपथ घेण्याआधी सोडून गेले तर बहिष्कार नाही. शपथ घेतल्यावर मोडली आणि समज देऊनही ऐकले नाही, तर त्या माणसासोबत एका टेबलावर जेवायचे नाही, त्याच्या हातून वस्तू घ्यायची नाही, त्याच्याशी धंदा करायचा नाही. कडक मंडळ्यांत हे सख्ख्या आईबापांना आणि नवराबायकोलाही लागू होते. बाहेर पडलेल्याशी सलगी ठेवणाराही दोषी ठरतो. म्हणजे पहाऱ्याला वेगळा शिपाई लागत नाही, घरचेच माणूस पहारा करते.

एका बापाचा दावा

ओहायो राज्यातल्या वेन जिल्ह्यात एका आमिश शेतकऱ्याची लहान मुलगी आजारी होती. तिला वरचेवर शहरात डॉक्टरकडे न्यावे लागे. घोडागाडीने ते जमेना. मोटार तर मना. १९४२ साली तो जुनी मंडळी सोडून मोटारीला परवानगी देणाऱ्या, पण जवळपास तशाच दुसऱ्या मंडळीत गेला. धर्म बदलला नाही, देव बदलला नाही, शेतीही तीच राहिली. तरी जुन्या मंडळीने त्याला वाळीत टाकले.

त्याने पाच वर्षे काढली आणि १९४७ साली चार धर्माधिकाऱ्यांवर दावा लावला. पंथात कोर्टाची पायरी चढणे हाही दोषच मानतात. ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल देऊन ५,००० डॉलर भरपाई ठरवली. दावा तो जिंकला. पण कोर्ट भरपाई देऊ शकते, शेजाऱ्याला कोणाच्या पंक्तीला बसवू शकत नाही. ही गोष्ट आपल्या कायद्याचा विचार करतानाही ध्यानात ठेवायला हवी.

धाकाची रचना

या उदाहरणातून तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे सगळ्या गरजांना एकच दार असणे. मजूर, उसनवारी, सोयरीक, आजारपणाची मदत आणि दफनभूमी या सगळ्याच्या किल्ल्या एकाच मंडळीच्या हातात असल्या, की नरकाची भीती वेगळी घालावी लागत नाही. एकाच दुकानातून बी, खत, औषध आणि उधारी घेणाऱ्या शेतकऱ्याला दुकानदाराशी भाव करता येत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट, बारीकसारीक नियम. टोपीची कड किती रुंद, घोडागाडी कोणत्या रंगाची, हेही मंडळी ठरवते. टोपीत धर्म नसतो हे त्यांनाही कळते. पण लहान नियम रोज पाळायची सवय लागली, की मोठ्या गोष्टीत उलट विचारायची हिंमत राहत नाही. शिक्षणाचेही तसेच. आमिश मुले आठवीपर्यंतच शिकतात आणि १९७२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना तशी मुभा दिली. घरी शेतीचे शिक्षण पक्के होते, पण बाहेर पडणाऱ्याच्या हाती दुसऱ्या नोकरीपुरता कागद नसतो.

तिसरी गोष्ट, परतीची वाट. गुडघे टेकून चूक कबूल केली, की माणसाला परत घेतात आणि झाले गेले विसरतात. दार कायमचे बंद नसते. फक्त चौकट बुटकी ठेवलेली असते, वाकल्याशिवाय आत येता येत नाही. आपल्याकडे पंचांपुढे दंड भरून जेवण घालायचे, त्यातही हीच युक्ती.

आपल्याकडचा कायदा

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. तेव्हाच्या मुंबई राज्याने १९४९ साली धर्मातून किंवा जातीतून बहिष्कृत करण्यास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिले. शिस्त राखण्यासाठी सभासदाला काढणे हा पंथाचा धार्मिक अधिकार आहे, असे त्यांचे म्हणणे. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मताने ते मान्य केले आणि कायदा रद्द ठरला. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हा यांचे होते. बहिष्कृत माणूस जवळजवळ अस्पृश्यच होतो, असे त्यांनी दाखवून दिले. बोहरा सुधारकांनी १९८६ साली हा प्रश्न पुन्हा कोर्टात नेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला.

दरम्यान महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तो नोंदवायचाच असतो. दंडाची रक्कम पीडिताला देता येते. बहिष्कार टाकण्यासाठी बैठक भरणार असेल तर तिला मनाई करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

गावपातळीवर काय करावे

कायद्याची बाजू अशी असली तरी पहिली तक्रार येते ती पोलीस पाटील, सरपंच किंवा ग्रामसेवकाकडे. तिथे सर्रास मिळणारे उत्तर म्हणजे "आपसात मिटवून घ्या." ज्यांनी वाळीत टाकले त्यांच्याच दारात माणसाला परत पाठवणारे हे उत्तर आहे. या गुन्ह्यात तडजोड करायची तर पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी लागते, गावच्या पारावर ती होत नाही. म्हणून तक्रार लेखी घ्यावी, पोहोच द्यावी आणि ठाण्याला कळवावे. नळाचे पाणी, रेशन, शाळा, स्मशानभूमी यांतले काही अडवले आहे का, याची स्वतः जाऊन खात्री करावी. हे कोणा मंडळीच्या मालकीचे नाही.

दुसरे काम शेतकरी बंधूंचे आहे आणि माझ्या मते ते जास्त टिकाऊ आहे. गरजांना दुसरे दार ठेवा. आम्ही शेतकरी गट बांधायला जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी एकाच भावकीची किंवा एकाच पंथाची वीस नावे पुढे येतात. कागद पुरा होतो, पण त्या गटात एखाद्यावर रुसवा झाला की त्याचे मळणी यंत्रही जाते आणि पाण्याची पाळीही. गटात दोन-चार घरे वेगळ्या आळीची घ्या. पीककर्ज बँकेतून किंवा सोसायटीतून स्वतःच्या नावावर असू द्या. बचत गटातल्या बायकांची खाती त्यांच्याच हाती राहू द्या. मुलगी दहावी-बारावीच्या पुढे शिकू द्या. माणूस आपल्या पंथात राहो, भजन-प्रार्थना करो, सणवार पाळो. त्यात कोणी आडवे येण्याचे कारण नाही. पण तो राहतो तो श्रद्धेने की नाइलाजाने, हे त्याला बाहेर पडण्याची सोय असेल तेव्हाच कळते.

आणि वाळीत टाकलेल्या घराच्या खळ्यावर पहिल्या दिवशी एक जरी शेजारी विळा घेऊन गेला, तरी बहिष्कार तिथेच निम्मा मोडतो. मळणीचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत.