भुलेपूर्वीची तीन मिनिटे

वर्तकनगरातील आमच्या परिचयाच्या एका कापड-व्यापारी गृहस्थांना गेल्या चातुर्मासात मध्यरात्री आतड्याला पीळ पडल्यामुळे तातडीने शस्त्रक्रियेसाठी नेले. घरी परतल्यावर त्यांची तक्रार अशी : "जीव कोंडत होता, तरी मुखवटा इतका घट्ट दाबला, की मी दोनदा सारला. चौविहार सांगूनही पोट भरलेलेच धरले!"

चौविहार खराच होता. परंतु तीव्र वेदनेत जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते आणि आतडे अडले असता पाचक रस वर साचत जातात. भुलेत घशाचा पहारा सुटतो व ते द्रव्य फुप्फुसात उतरू शकते. प्रसूतीसाठी भूल दिलेल्या स्त्रियांमधील हा धोका न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेल्सन यांनी १९४६ साली मांडला. म्हणून अशा वेळी झोपेचे आणि स्नायू शिथिल करणारे औषध लागोपाठ देऊन श्वासनलिकेत नळी बसवतात. मधल्या काळात श्वास थांबलेला असतो. मुखवट्यातून हवा दाबून देणेही शक्यतो टाळतात, कारण ती जठरात शिरते.

तो काळ निभावतो आधीच्या शिल्लकेवर. नेहमीचा श्वास सोडल्यावरही प्रौढाच्या फुप्फुसात सुमारे अडीच लिटर हवा उरते, पण तिच्यातील मोठा भाग नायट्रोजनचा, येथे निरुपयोगी. घट्ट मुखवट्यातून तीन मिनिटे शुद्ध प्राणवायू घेतला, की ती जागा प्राणवायू व्यापतो. शरीराचा खर्च मिनिटाला सुमारे अडीचशे मिलिलिटर. निरोगी प्रौढाला एरवी जेमतेम मिनिटभर मिळते, तेथे आठ मिनिटांपर्यंत अवधी मिळू शकतो. मुखवटा सारला, की हवेबरोबर नायट्रोजन परत येतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या गृहस्थांचे वजन, वर्षानुवर्षे गादीवर बसून, शंभर किलोच्या बरेच पुढे गेलेले. (हे छापल्याबद्दल ते रागावणार नाहीत, अशी आशा आहे.) स्थूल देहात ही शिल्लक मुळातच लहान, आडवे निजल्यावर आणखी घटते, आणि आठांऐवजी तीनेक मिनिटेच हाती राहतात. म्हणून त्यांचे डोके व छाती उंच ठेवली होती आणि श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत नाकावाटे प्राणवायू चालूच होता.

रुग्णासोबत जाणाऱ्यांनी कवळी, हलणारे दात, पूर्वीच्या भुलेतील अडचण, शेवटचे अन्नपाणी केव्हा घेतले आणि घोरण्याची सवय, हे सारे भूलतज्ज्ञांना न विचारता सांगावे. घोरण्याविषयी आमचे गृहस्थ स्वतः काहीच बोलले नव्हते. ते त्यांच्या पत्नीने शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी सांगितले.