परक्या घरचा पाहुणा

परदेशीं जाऊन भाषा शिकावयाची तर तेथील लोकांत मिसळलें पाहिजे, हा उपदेश सर्वांच्या तोंडीं असतो. मिसळावयाचें कसें व कोठवर, हें मात्र क्वचितच कोणी सांगतो. अरबी शिकणाऱ्यास तर हा प्रश्न पहिल्या दिवसापासून पडतो. म्हणून आज त्याचाच विचार करूं.

अरबी भाषा दुपदरी आहे. ग्रंथांची व वर्तमानपत्रांची ती ‘फुस्हा’. घरांत व बाजारांत बोलली जाते ती ‘आम्मिया’, आणि ही देशोदेशीं निराळी. पुस्तकांत भाकरीस ‘खुब्ज’ म्हणतात. कैरोंत ‘एश’ म्हणावें लागतें. या शब्दाचा मूळ अर्थ जीवन. आपल्या ऐषआरामांतील ‘ऐष’ तोच! एकाच शब्दानें आपण चैन सांगतों आणि कैरोचा मजूर भाकरी मागतो. उच्चारांतही असाच फरक पडतो. ‘कह्वा’चा तेथें ‘अह्वा’ होतो, ‘जमाल’चा ‘गमाल’. व्याकरण मुखोद्गत करून गेलेला विद्यार्थी भाजीवाल्यापुढें उभा राहिला, म्हणजे पोथींतील मराठींत कोणीं मंडईंत वांगीं मागावींत, तशी त्याची गत होते. समोरचा मनुष्य सौजन्यानें इंग्रजी बोलूं लागतो, विद्यार्थी लाजून आपल्या देशबांधवांच्या बिऱ्हाडीं परततो, आणि वर्ष असेंच निघून जातें.

दुसऱ्या टोकास गेला तो एडवर्ड लेन. हा इंग्रज १८२५ सालीं मिसर देशीं गेला, तुर्की वेष केला, मन्सूर हें नांव घेतलें व मशिदींतील प्रार्थनेंतही सामील झाला. मिसरी चालीरीतींवरील त्याचा १८३६ सालचा ग्रंथ अजून वाचला जातो. परंतु एडवर्ड सईद यांनीं १९७८ सालच्या ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथांत त्याच्या या वागण्यावरच बोट ठेवलें. ज्यांच्यांतले होऊन बसावयाचें, त्यांच्याचकडे टिपणें घेण्याच्या नजरेनें पाहावयाचें, ही मैत्री कशी म्हणावी? आम्हांस हा आक्षेप रास्त वाटतो.

तथापि याच लेनच्या चरित्रांत दुसरा एक भाग आहे. १८४२ ते १८४९ अशीं सात वर्षें त्यानें कैरोंत आपल्या अरबी-इंग्रजी कोशाचें काम केलें, तें इब्राहीम अल्-दसूकी या मिसरी पंडिताच्या शेजारीं बसून. त्या कोशाचा मुख्य आधार ‘ताज अल्-अरूस’ हा प्रचंड अरबी कोश. आणि त्याचा कर्ता मुर्तजा अल्-झबीदी जन्मानें आपल्याच हिंदुस्थानांतील बिलग्रामचा! १७३२ सालीं जन्मलेला हा पुरुष येमेनांतील झबीद येथें शिकला, कैरोंत राहिला, तेथेंच संसार केला आणि १७९१ सालीं तेथेंच प्लेगनें वारला. धर्म एकच असल्यानें त्याची वाट सुकर होती, हें खरें. पण ज्या भाषेनें त्यास आसरा दिला, तिला त्यानें आयुष्यभराचे श्रम अर्पण केले, हें अधिक खरें.

म्हणून आमचें मत असें कीं, विद्यार्थ्यानें वेष पालटूं नये, पाहुण्याचा धर्म पाळावा. शक्य तर एखाद्या कुटुंबांत राहावें. रमझानांत दिवसा चारचौघांत खाऊं नये. सूर्यास्तीं बोलावणें आलें तर आनंदानें जावें. कोणी केस कापून आला तर ‘नईमन’ म्हणावें. एवढ्या एका शब्दानें ओळख वाढते. आपण कोण, आपला धर्म कोणता, आपण मांस खात नाहीं, हें प्रथमच मोकळेपणानें सांगावें. त्यामुळें उपाशी राहण्याची भीति नाहीं. मंद आंचेवर शिजविलेला ‘फूल’ नांवाचा पावटा, त्याच जातीच्या डाळीचे ‘ताअमिया’ हे वडे, आणि भात, मसूर व तळलेल्या कांद्याची ‘कोशरी’ हें तेथील गोरगरिबांचें नित्याचें अन्न आहे. त्यावर आपल्या घरच्या मुलाचें पोट सहज भरेल.

वडील मंडळींसही दोन शब्द. मुलगा वा मुलगी परदेशीं निघाली, कीं आपण ‘आपलें सोडूं नको’ एवढेंच बजावतों. त्याच्या जोडीला ‘त्यांचें समजून घे’ हेंही सांगावें. स्वतःचें न लपवितां दुसऱ्याच्या घरीं आदरानें राहतां येणें, हीही विद्याच आहे. आणि तिचा पहिला धडा घरांतच मिळावयास हवा.