अमानत आणि कुलूपबंद कप्पा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान आहे. दुकानदार चाचा साठीचे. आम्ही दोघेही शाळेत असतो आणि अम्मींना जिना उतरवत नाही. त्यामुळे डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन आला की आमचं उत्तर ठरलेलं असतं, ‘बेटा, खाली चाचांकडे ठेवून जा.’ असं म्हणणारं घर आमचं एकट्याचंच नाही. मागच्या रमजानमध्ये चाचांच्या दुकानात तेलाच्या डब्यांपेक्षा लोकांची खोकीच जास्त दिसत होती.

त्यातलं एक खोकं हरवलं. ते आमचं होतं. चाचांनी सगळं दुकान उलटंपालटं केलं आणि शेवटी गल्ल्यातून 1,100 रुपये काढून आमच्यापुढे धरले. आम्ही घेतले नाहीत. ते म्हणाले, ‘अमानत थी, सर.’ आम्ही मान खाली घातली, कारण त्या खोक्यात खजूर आणि सुका मेवा होता. दोन्ही वस्तू चाचांच्या फळीवर मांडलेल्या होत्या. थोडा भाव कमी पडतो म्हणून आम्ही बाहेरून मागवल्या, आणि त्या सांभाळण्याचं काम मात्र चाचांवर टाकलं, तेही फुकट.

त्या दिवसापासून आमच्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. बाहेरच्या देशांत यासाठी दुकानाच्या दाराशी लोखंडी कपाट ठेवतात. त्याला लहानमोठे कप्पे असतात. डिलिव्हरीवाला कप्प्यात पार्सल ठेवून दार लावतो, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो आकडा दाबला की फक्त त्याचाच कप्पा उघडतो. कोणी कधी ठेवलं, कोणी कधी नेलं, याची नोंद आपोआप होते. यालाच स्मार्ट लॉकर म्हणतात.

जर्मनीत टपाल कंपनीने 2001 साली असे कप्पे बसवायला सुरुवात केली. पोलंडमध्ये इनपोस्ट कंपनीने 2009 पासून ते गावोगावी नेले. तिथे किराणा दुकानाबाहेरून पार्सल नेणं आता रोजचंच झालं आहे. आपल्याकडे टपाल खात्याने 2021 मध्ये कोलकात्यात डिजिटल पार्सल लॉकर सुरू केले.

यात दुकानदाराचा फायदा काय? पहिला फायदा म्हणजे डोक्यावरचा भार उतरतो. खोकं हरवलं तर संशयाचं बोट चाचांकडे वळत नाही. दुसरा जागेचा. कंपनीचा माणूस वीस घरांचे जिने चढण्याऐवजी एकाच ठिकाणी वीस पार्सलं ठेवतो, दार बंद सापडलं म्हणून होणारा रिकामा फेरा वाचतो. ज्याच्या जागेमुळे हा खर्च वाचतो, त्याने भाडं मागावं, हे रास्तच आहे. तिसरा फायदा पायांचा. पार्सल न्यायला आलेला माणूस दुकानापर्यंत येतो, आणि आला की अर्धा किलो साखर, कोथिंबिरीची जुडी, मुलांसाठी बिस्किटाचा पुडा घेऊन जातो.

पण इथे एक धोका आहे. अमेरिकेत अमेझॉनने 2011 पासून दुसऱ्यांच्या दुकानांत आपले लॉकर ठेवले. स्टेपल्स आणि रेडिओशॅक या मोठ्या दुकान-साखळ्यांनीही ते ठेवून घेतले, आणि 2013 मध्ये काढून टाकले. जो आपलं गिऱ्हाईक नेतो, त्याचीच पेटी आपण सांभाळायची, हा हिशेब त्यांना परवडला नसावा. म्हणजे खरा प्रश्न लॉकर असावा की नसावा, हा नाही. लॉकर कोणाचा, हा आहे.

जळगावच्या फुले मार्केटचा विचार करा. ईदच्या आधीचे दहा दिवस तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. धुळ्यात आग्रा रोड आणि पाच कंदीलला तीच गत. धुळ्यात आमच्या खालाचा मुलगा शिलाईकाम करतो. त्याचं चांदरातीचं हाल आम्ही पाहिलं आहे. कपडे दुपारीच शिवून तयार असतात, पैसे आधी मिळालेले असतात, तरी रात्री दोनपर्यंत दारात गर्दी. कोणी पावती विसरलेलं, कोणाची पिशवी दुसऱ्याच्या हाती गेलेली. हातातली शिलाई सोडून तो पिशव्याच शोधत बसतो. दहा-बारा दुकानदारांनी मिळून एक लॉकर घेतला, तर तयार कपडे कप्प्यात ठेवता येतील, गिऱ्हाईक तरावीहनंतर येऊन घेऊन जाईल, आणि दुकानदार मशीनवर बसलेला राहील. फोनवर ऑर्डर घ्यायची, माल कप्प्यात ठेवायचा, शटर पडल्यावरही विक्री चालू राहते. हे बाहेरच्या कंपनीला जमतं, मग बाजारपेठेला का जमू नये?

आमच्या घरातल्या बायकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला सुचली नव्हती. काही वस्तू पुरुष दुकानदाराकडे मागायला संकोच वाटतो, म्हणून मुली ऑनलाइन मागवतात. ओळखीच्या दुकानदार बाईंना फोनवर सांगून बंद पिशवी कप्प्यातून नेता आली, तर तो पैसा गावातच राहील.

अडचणीही आहेत. वीज गेली तर कप्पा कसा उघडायचा, याची सोय आधी विचारून घ्यावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो. उन्हातल्या लोखंडी पेटीत मिठाई किंवा औषध ठेवून चालणार नाही, पेटी सावलीतच हवी. बऱ्याच घरांत मोबाइल एकच असतो आणि तो घरधन्याच्या खिशात. ओटीपी त्याच्याकडे आणि पार्सल न्यायला बायको, असं झालं तर सोय कसली? म्हणून पावतीवर छापलेला आकडाही चालला पाहिजे. आणि ज्या अम्मींना, नानींना आकडे दाबता येत नाहीत, त्यांच्यासाठी काउंटरवर माणूस हवाच. मणियाराच्या दुकानात मनगटाचं माप घेऊन बांगडी भरायला तर माणूसच लागतो.

लॉकर खर्चाचा आहे, एकट्या चाचांना तो झेपणार नाही. मार्केटच्या दुकानदारांनी एकत्र बसून दर काढावेत आणि एका हंगामापुरता वापरून पाहावा. जागा द्यायचीच झाली, तर करार लेखी करावा. भाडं किती, नुकसान कोणाचं, पेटी केव्हा काढता येईल, हे आधी ठरवावं.

तोवर आम्ही घरात दोन नियम केले आहेत. मागवण्याआधी ती वस्तू चाचांकडे आहे का, हे विचारायचं. आणि पार्सल त्यांच्याकडे ठेवायचंच असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्यायची आणि त्याच दिवशी उचलायचं. या रमजानचे खजूर आम्ही त्यांच्याकडूनच घेतले. भावात थोडाच फरक पडला. चाचांनी वजन करून वर दोन खजूर जास्त टाकले.

तुमच्या गल्लीतली पार्सलं कोण सांभाळतं? आज मगरिबनंतर त्यांच्याकडे एक चक्कर मारा, आणि काहीतरी विकत घ्या.