खिशातला चाकू

माणसाच्या खिशात काय सापडते यावरून त्याची पारख करावी असे कोणी ठरवले, तर शहरातला गृहस्थ आणि आमच्या शिरूर अनंतपाळकडचा शेतकरी सहज वेगळे ओळखता येतील. शहरातल्या खिशात किल्ल्या, रुमाल आणि मोबाइल. आमच्याकडच्या पिकल्या मिशांच्या माणसाच्या बंडीत मोबाइल आता असतोच. पण त्याच्या शेजारी पुष्कळदा एक घडीचा चाकूही असतो. आठवडी बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळणारा, लाकडी मुठीचा, बोटभर पात्याचा. त्याचे रूप काही डोळ्यांत भरण्यासारखे नसते. पण वाचकहो, या गरीब वस्तूची अलीकडे फार बदनामी झाली आहे, आणि कोणीतरी तिची बाजू मांडावयास हवी.

मराठीच्या मास्तराने शब्दापासून सुरुवात करावी हे ओघानेच आले. ‘सुरी’ ही संस्कृतातल्या ‘छुरिके’ची लेक, ‘चाकू’ हा तुर्की मुलखातून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला पाहुणा. सुरी स्वयंपाकघरात राहिली, चाकू खिशात बसून गावोगाव हिंडू लागला. व्याकरणानेही ती स्त्रीलिंगी आणि हा पुल्लिंगी! ही वाटणी आता मोडावयास हरकत नाही. परगावी शिकावयास निघालेल्या मुलीच्या पिशवीत एक लहानसा चाकू असावा, तो कोणाला भिववण्यासाठी नव्हे, तर वसतिगृहातल्या खोलीत पेरू कापण्यासाठी.

खरे पाहता खिशातल्या चाकूचे मूळ नाते लेखणीशी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. फारसी-उर्दूत या चाकूला सुंदर शब्द आहे: ‘कलमतराश’, म्हणजे लेखणी तासणारा. बोरूचे टोक तिरके छाटायचे आणि मधोमध बारीक चीर द्यायची, की शाई नीट उतरते. इंग्रजांचा ‘पेननाइफ’ही याच कुळातला, फरक एवढाच की तो हंसाच्या पिसाची लेखणी करी. बोरू गेला, पिसे गेली, टाकही गेला. पण लेखणीची सोबत करणारा चाकू मात्र मागे राहिला आणि त्याने इतर कामे अंगावर घेतली.

ती कामे तरी किती! सोयाबीनच्या पोत्याची सुतळी कापायची, ठिबकच्या नळीचे टोक नीट करायचे, बांधावर वाळकाच्या फोडी करायच्या, नातवाची पेन्सिल तासायची. माझे एक चुलते तर चाकूवाचून गोठ्यात पाऊल टाकीत नसत. दाव्याचा पीळ वासराच्या गळ्याभोवती आवळला, की ते घाबरून ओढ घेते आणि गाठ अधिकच घट्ट बसते. त्या क्षणी गाठ सोडवीत बसावयास सवड नसते. दावे कापावे लागते. “घरात चाकू असून काय कामाचा? वासरू तोवर थांबतंय व्हय?” असे ते म्हणत. खिशातल्या चाकूचे सारे तत्त्वज्ञान या एका प्रश्नात आले.

आणि तो स्वस्त असण्यातच त्याची थोरवी आहे. एस.टी.त कोणीतरी विचारतो, “मामा, चाकू हाय का हो?” आणि मामा बंडीतून चाकू काढून देतात, “हाय की. बोट सांभाळा.” मग कोणाचे कलिंगड चिरले जाते आणि एक फोड मामांकडे परत येते. हाच चाकू हजारोंचा असता, तर मामांनी तो असा बिनघोर दिला असता काय? महाग वस्तू माणूस जपतो, स्वस्त वस्तू माणूस देतो. शिवाय अनोळखी माणसाच्या हाती आपण होऊन धार देणे हा केवढा विश्वास आहे! फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली असाच एक लाकडी मुठीचा, एका पात्याचा साधा चाकू घडवला. तो आजही बनतो आणि जगभर विकला जातो. साधेपणाला एवढे दीर्घ आयुष्य लाभते ते उगाच नव्हे.

मात्र हाच विश्वास आज डळमळला आहे. रामपूरच्या खटक्याच्या चाकूला हिंदी चित्रपटांनी खलनायकाच्या हाती देऊन बदनाम केले. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट कोयत्याची. मराठवाड्यातली हजारो कुटुंबे ज्या कोयत्याने ऊस तोडून पोट भरतात, त्याच कोयत्याचे नाव २०२२-२३ मध्ये पुण्यात टोळक्यांच्या दहशतीला मिळाले. मग घरोघरी आईबाप म्हणू लागतात, “धारेची वस्तू मुलांच्या हाती नकोच.” त्यांची भीती मला समजते, उपाय मात्र पटत नाही. धार कधी हाताळलीच नाही, त्याला तिचे भय नुसते ऐकून कळते किंवा तिचे आकर्षण पडद्यावर पाहून. ज्याने दहा पेन्सिली तासल्या आणि एकदा बोट कापून घेतले, त्याला ती खरी कळते.

कायद्यानेही हा विवेक ठेवला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील १९६२ च्या नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजले, आणि त्यातूनही घरकामाचे व शेतीचे चाकू वगळले. पाते केवढे आणि ते कशासाठी, हे दोन्ही पाहिले. अर्थात पोलिसांचा मनाई हुकूम असेल तेव्हा चाकू घरीच ठेवावा. तेव्हा काठीदेखील चालत नाही. विमानातही तो हातातल्या पिशवीत नेता येत नाही.

म्हणून मुलाला चाकू द्यावा, पण चार गोष्टी शिकवून. कापताना धार अंगाकडे नसावी. दुसऱ्याला देताना मिटून द्यावा. खटका नसलेल्या चाकूच्या टोकाने काही खुपसू नये, कारण पाते उलटे मिटून बोटांवर येते. बोथट चाकू अधिक घातकी. तो जोर मागतो आणि जोर लावला की घसरतो. धारेसाठी शिकलगाराची वाट पाहावयास नको. चिनी मातीचा कप पालथा घातला, की तळाची खरखरीत कड हीच निसणा! लिंबू-कैरी चिरल्यावर पाते पुसावे, बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडावा.

धारेचा मान राखणे आपल्याला नवे नाही. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दिवाळीला गोदावरीच्या पाण्याने तख्तस्नान होते, तेव्हा तिथली शस्त्रेही स्वच्छ केली जातात. आमच्याकडे खंडेनवमीला विळा, खुरपे, कोयता धुऊन पुसून पाटावर मांडतात, आणि त्यांच्या कडेला तो खिशातला चाकूही हळदकुंकू लावून घेतो. त्या पाटावर बसणाऱ्या वस्तूला एकच अट असते: तिने वर्षभर कोणाचे तरी काम केलेले असावे.

या दिवाळीत घरातल्या मुलामुलींसाठी फटाक्यांची एक पेटी कमी आणा आणि त्या पैशांत एक साधा चाकू घ्या. पहिल्या दिवशी त्यांच्याकडून एक पेरू चिरून घ्या, आणि पहिली फोड ती कोणाला देतात, तेवढे पाहा.